मायला न मिळालेलं सर्टिफिकेट

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. सासर औशाचं, माहेर हदगावकडचं, आणि दोन्हीकडं माझ्या तोंडाला लोक वचकून असतात. पण नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मी जे भांडले, त्याची आजही लाज वाटते. जिच्याशी भांडले, तिचे उपकार ह्या जन्मात फिटायचे नाहीत.

माझ्या मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. आमच्या गावात आंबा आणि मोतीबिंदू, दोन्ही पिकायची वाट बघतात. कच्चा काढला तर डोळा जातो म्हणे. शेजारणी म्हणायच्या, "पिकू द्या की." चार बुकं शिकलेली मी, मीही फोनवर तेच म्हणायचे. एका हिवाळ्यात तिचा उजवा डोळा लाल झाला, ठणकायला लागला, तर आम्हाला वाटलं, चला, पिकला एकदाचा. कापसाची वेचणी उरकली की जाऊ म्हणून महिना घालवला. तेवढ्यात तो डोळा गेला.

डाव्याचंही धड नव्हतं, पण माय कुणाला कळू द्यायची नाही. चुलीपासून रांजणापर्यंत पावलं मोजत चालायची अन् म्हणायची, "दिसून राहिलं की मला." एक दिवस तिनं भाकर तव्यावर टाकायची ती सरळ जाळात टाकली, तेव्हा भावाच्या ध्यानात आलं.

मग आम्ही काय केलं? आता ही आंधळीच राहणार, असं धरून बसलो. कुणीतरी सांगितलं, आंधळेपणाचं सर्टिफिकेट काढा, सरकारचा निराधारचा पगार तरी सुरू होईल. ऑनलाइन फॉर्म भरला, तपासणीची तारीख मिळाली. भाऊ मायला घेऊन हदगावहून आला, मी पहाटेच्या एसटीनं औशाहून, लातूरमार्गे.

तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी बॅटरीचा उजेड इकडून तिकडून टाकून पाहिला. उजव्या डोळ्याला काहीच कळत नव्हतं. डाव्यानं माय उजेडाची बाजू बरोबर सांगत होती.

"मावशी, सर्टिफिकेट आत्ता नाही देता येत," त्या म्हणाल्या. "उजव्याचं आता काही होणार नाही. पण डाव्याचं ऑपरेशन होतं. ज्याला इलाज आहे, त्याचा आधी इलाज."

झालं. माझं डोकं सटकलं. आंधळ्या म्हातारीला हेलपाटे मारायला लावता, तुम्हाला काय जातंय सही करायला, असं बरंच बोलले. रांगेतले लोक उठून बघायला लागले. माय माझा पदर ओढून राहिली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे वॉर्डात फोन लावला, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "भांडून झालं असेल तर आईला वर न्या. खाट सांगितली आहे. अजून वाट बघाल तर हाही डोळा जाईल."

खरं सांगते, मी ती चिठ्ठी फाडणार होते. मायच म्हणाली, "चल बाई. पोरगी सांगून राहिली तर ऐकावं."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला त्याच बाई आल्या. मी खाटेशी उभी. मायनं डोळा मिचमिचवला, पाणी पुसलं आणि माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझा हात धरून मनगट चाचपलं.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "फोनवर तर लई दणक्यात बोलायचीस. मला वाटलं, माझी लेक बरी हाय."

तीन वर्षं मी माझं दुखणं तिच्यापासून लपवलं होतं. आवाज चढवला की तिला काही कळायचं नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवशी सर्टिफिकेटवर सही झाली असती, तर मी तिला तशीच फसवत राहिले असते.