बॉयलरवाले हवालदार

सर्जेराव कुठल्याही खोलीत शिरले की माणसांकडे बघायच्या आधी भिंतीला, पाइपला, फ्रिजच्या पाठीला उलटा हात लावायचे. पोराचा ताप बघावा तसा. चेहरा मात्र आता कुणाला तरी झापायचंच, असा. ते कुंडलचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि महाबळेश्वरला आमच्या हॉटेलात वीज, बॉयलर, पंप सांभाळायला आले. मी तिथे हाउसकीपिंगची प्रमुख होते. सगळे मला मॅडम म्हणत; हे एकटे ‘बाई’ म्हणत, तेही सुनावल्यासारखं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी रिसेप्शनशी भांडण काढलं. पावसाळ्यात चार-सहा खोल्याच भरलेल्या असत, त्याही तिन्ही मजल्यांवर विखुरलेल्या. ‘‘एकाच मजल्यावर गिऱ्हाईक द्या,’’ ते म्हणाले. ‘‘वरचं दोन मजलं बंद करून मेन खाली पाडतो. रिकाम्या खोलीतला फ्रिज कुणासाठी थंड करताय? भुतासाठी?’’ रिसेप्शनवाली मुलगी रडली. मजले मात्र बंद झाले.

माझी पाळी यायला वेळ लागला नाही. महाबळेश्वरच्या पावसात चादरी वाळत नाहीत; ड्रायर सकाळपासून फिरत असे आणि तरी ओलसर चादरी पुन्हा आत टाकाव्या लागत. एका दुपारी बँकेच्या लोकांचं शिबिर चारला यायचं होतं आणि ड्रायर मध्येच थांबला. मागे जाऊन बघते तर हवालदारांनी वायर काढून ठेवलेली.

‘‘कुणाला विचारून बंद केलंत?’’ मी ओरडले.

‘‘ह्याला,’’ म्हणत त्यांनी माझ्या टेबलावर, स्वच्छ घड्यांच्या शेजारी, ड्रायरच्या जाळीत साठलेल्या करड्या तुसाचा ढीग आपटला. ‘‘जाळी कवा साफ केलीती? मशिनचं नाक दाबून धरलंय तुमी, आन् म्हणताय पळत न्हाई. आवं, तुमी वीज न्हाई, माझं रगत जाळताय!’’

माझ्या हाताखालच्या आठ बायका बघत होत्या. ‘‘माझ्या खात्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही,’’ मी म्हणाले. ते जमिनीवर आडवे झाले आणि मागचा पत्र्याचा पाइप सोडवू लागले. आत तूस साचून जेमतेम मूठभर वाट शिल्लक होती. अर्ध्या तासात तो त्यांनी खरवडून जोडला. त्या दिवशी चादरी निम्म्या वेळात वाळल्या. शिबिराच्या खोल्या चारच्या आत तयार झाल्या.

मी आभार मानले नाहीत. ‘‘रोज जाळी झाडा,’’ जाता जाता ते बायकांना म्हणाले, ‘‘बाईंना सवड न्हाई.’’ ते बरोबर होते हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांचा राग जास्त येत होता.

गरम पाण्याचे पाइप बॉयलरपासून खोल्यांपर्यंत गच्चीवरून उघडेच धुक्यात गेले होते. गिऱ्हाइकाला गरम पाणी मिळेतो बादलीभर गार पाणी सोडावं लागे. हवालदारांनी एका बाजूच्या पाइपांना फोमची गुंडाळी घातली. तिकडच्या खोल्यांत नळ सोडला की गरम पाणी येऊ लागलं. दुसरी बाजू करायची होती, तेवढ्यात मालकांनी पुण्याहून एका कंपनीचा माणूस बोलावला. मोठा नवा बॉयलर घ्यायचं ठरत होतं.

जेवणाच्या हॉलमध्ये आम्हा सगळ्यांसमोर हवालदार मध्येच बोलले. ‘‘गळती बादली बुजवा आधी. मोठी बादली आणून काय करताय?’’

पाहुण्यादेखत हे ऐकून मालक लालबुंद झाले. ‘‘तुमच्या असल्या चिंध्या गुंडाळण्यानं फरक काय पडला?’’ ते माझ्याकडे वळले. ‘‘मॅडम, तुम्ही सांगा. तुमच्या ड्रायरलाही यांनी हात लावला होता ना? पडला फरक?’’

मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

‘‘मला तरी काही दिसला नाही,’’ मी म्हणाले.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. किल्ल्या द्यायला ते लॉन्ड्रीत आले. शिव्या ऐकायची माझी तयारी होती. ‘‘फौजेत लय माणसं खोटं बोलताना बघितली,’’ ते म्हणाले, ‘‘पर त्यांची नजर तरी खाली जायाची.’’

नवा बॉयलर आला, डिझेल जास्त पिऊ लागला, आणि उघड्या पाइपांच्या बाजूची गिऱ्हाइकं गार पाण्याची तक्रार करतच राहिली. प्रत्येक तक्रार ऐकायला मलाच जावं लागे.

दोन वर्षांनी कराडला नात्यातल्या लग्नासाठी एका लॉजवर उतरले, तर जिन्याखाली पंपाशी हवालदार. केस पार पांढरे झाले होते. मी जवळ गेले. ‘‘हवालदार, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माफ करा.’’

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. ‘‘मालकाला सांगितलं?’’

‘‘नाही.’’

‘‘चारचौघांत माझी लाज काढली, आन् माफी जिन्याखाली व्हय?’’ त्यांनी पाठ फिरवली. ‘‘जावा. कामात हाय मी.’’

लग्नभर मी धुमसत होते. एवढा कसला ताठा या माणसाला! पण महाबळेश्वरला पोहोचल्यावर सोमवारच्या बैठकीत, त्याच हॉलमध्ये, मी उभी राहिले. ड्रायरला निम्मा वेळ लागू लागला तो हवालदारांमुळे, मी तेव्हा खोटं बोलले, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

‘‘मग तेव्हा का नाही बोललात?’’ मालकांनी विचारलं.

‘‘मला तो माणूस आवडत नव्हता,’’ मी म्हणाले. ‘‘अजूनही आवडत नाही. पण त्याचं खरं होतं.’’