दहा घरांची वाडी

दहिसरच्या नदीकाठी सेराफिनाची भाजीची वाडी होती. जमीन एका शेटची, पण तीन पिढ्या तिच्या सासरच्यांनी कसलेली. नवरा गेल्यावर ती एकटीच राबायची. जीभ मात्र दोघांच्या वाटची चालवायची.

सदुसष्ट साली मालाडच्या शाळेतल्या उत्तराबाई भाजी घ्यायला आल्या आणि त्यांनीच युक्ती काढली. दहा घरांनी हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि दर शनिवारी वाडीत निघेल ते सारखं वाटून न्यायचं. पिकलं तर सगळ्यांचं, बुडालं तरी सगळ्यांचं. सेराफिनानं एकच अट घातली: महिन्यातून एका ठरल्या दिवशी घरटी एकानं वाडीत राबायचं.

"फुकट फक्त तण वाढतं, बाय."

बायका हौसेनं येत आणि सेराफिना त्यांना सोलून काढी. उत्तराबाईंनी एकदा तण समजून माठाचा कोवळा वाफाच्या वाफा उपटला. सेराफिना सगळ्यांदेखत म्हणाली, "शाळंत पोरांना पण असंच उपटता काय, टीचर?" बायका खो खो हसल्या. उत्तराबाईही हसल्या, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सेराफिनानं पाहिलं नाही. लागेल असं बोलायचं आणि कुठे लागलं ते बघायचं नाही, ही काही माणसांची जन्मखोड.

त्र्याहत्तरला शेटला तिथे इमारती उठवायच्या सुचल्या. ही बाई जमीन स्वतः कसत नाही, सबब कूळ म्हणून हिचा हक्क नाही, असा त्यानं अर्ज ठोकला. आता शब्दाला वजन असलेला साक्षीदार हवा होता. सेराफिना उत्तराबाईंच्या दारात गेली, चपला पायरीखाली काढल्या.

"टीचर, तुमी एवढंच सांगा, वाडी मी कसते. वाडी गेली तर मी कुठं जाऊ?"

"खरं असेल तेच सांगेन," उत्तराबाई म्हणाल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मामलतदार कचेरीत शेटच्या वकिलानं उत्तराबाईंना विचारलं, "जमीन कसतं कोण?"

"आम्ही सगळे. दहा घरं. खुरपणी, शिंपणं, काढणी. पैसेही आमचेच."

शब्द न् शब्द खरा. त्यानंच गळा कापला.

"अगं, आणि बाकीचे एकोणतीस दिवस?" सेराफिना ओरडली. साहेबानं तिला दटावून बसवलं.

उत्तराबाईंनी पदर सारखा केला. "त्या दिवसांत मी तिथे नव्हते, साहेब. न पाहिलेलं कसं सांगू?"

निकाल शेटच्या बाजूनं लागला. महिनाअखेरीस वाडी रिकामी करायची होती. पुढच्याच शनिवारी दहाही घरं पिशव्या घेऊन हजर!

"हंगामाचे तीन शनिवार उरलेत ना," उत्तराबाई म्हणाल्या. "पैसे दिलेत आम्ही."

सेराफिना भांडली नाही. बोटभर मुळे उपटले, कोवळी वांगी तोडली, वाल वेलासकट ओढला. दहा ढीग अगदी सारखे लावले. मग मांडवावर चढून बियाण्याचे दुधी उतरवले आणि एकेक प्रत्येक ढिगावर ठेवला.

उत्तराबाईंनी नख लावून पाहिलं. लाकूड! "अहो, हा जून आहे. शिजेल कसा?"

"नाय शिजणार," सेराफिना म्हणाली. "बियांचा हाय. माज्या सासूपासून चाललेला. मना आता पेरायला जागा नाय. तुमचा वाटा तुमी न्या."

कुणीच दुधी ठेवून गेलं नाही. पैसे दिले होते ना.