बार्बाडोसच्या बसमध्ये धरलेली जागा

क्रूझचं ठरवलं आमच्या मुलीने. ती फ्लोरिडात असते. "एवढ्या लांब आलाच आहात तर आठवडाभर बोटीवर जाऊन या, आजीलाही घेऊन," असं म्हणून तिने तिकिटंच हातात ठेवली. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी, मुक्काम जन्मापासून लोणी काळभोर, इंग्रजी शून्य, रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ. बोटीवरच्या आइसक्रीमवर मात्र पहिल्या दिवसापासून हक्क.

बार्बाडोसला बोट लागली त्या सकाळी त्यांचे गुडघे धरले होते. "तुमी दोघं जावा. मी हितंच बसते समिंदर बघत," म्हणाल्या. चहाला येतो असं सांगून आम्ही उतरलो. बोट पाचला सुटणार आणि साडेचारच्या आत चढायचं. उशीर करणाऱ्यासाठी बोट थांबत नाही, हे रोज स्पीकरवरून ऐकवायचे. पुढचं बंदर म्हणजे दुसरा देश.

बंदरावरच्या टॅक्सीवाल्यांचे दर ऐकून अहो म्हणाले, "इथले लोक काय रोज टॅक्सीने फिरतात?" मग बस. एवढं रामायण होऊनही मी सांगेन, तुम्हीही बसनेच जा. ब्रिजटाउनच्या स्टँडवरून पिवळ्या मिनीबस सुटतात. भाडं माणशी दोनेक डॉलर, अमेरिकन नोटा चालतात, सुटे तिथल्या पैशात परत मिळतात. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. गाणी एवढ्या मोठ्याने लावतात की नवऱ्याशी भांडायचीही सोय नाही. शहर संपलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. "लोणीच आलं की," अहो म्हणाले आणि उगाच खूश झाले.

आम्ही गेलो बाथशेबाला, पूर्व किनाऱ्यावर. तिथे समुद्र शांत-बिंत काही नाही, अटलांटिक थेट अंगावर येतो. पाण्यात घराएवढे दगड उभे आहेत. पोहण्याच्या भानगडीत पडू नका, ओढ फार आहे. टपरीवर शाकाहारी माणसालाही मॅकरोनी पाय मिळतो, म्हणजे भाजलेल्या चीज-मॅकरोनीची जाड वडी. सोबत तळलेलं केळं. दोघांचं पोट भरलं आणि माझ्या पर्समधल्या नोटाही संपल्या. थोडी नाणी उरली. बाकी सगळं अहोंच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं: पासपोर्ट, बोटीत शिरायची दोन्ही कार्डं, पैसे, त्यांचा फोन.

आता अहोंबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी सगळी नोकरी लोणीहून हडपसरच्या कारखान्यात बसने ये-जा करून केली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मी शहरात वाढलेली. लग्न झाल्यापासून म्हणतेय, "रुमाल टाकला म्हणून काय सातबारा नावावर होतो?" लोकांचे रुमाल उचलून बाजूला ठेवून बसणारी बाई मी.

परतीच्या थांब्यावर ही गर्दी. बस आली ती उशिराच. अहोंना खिडकीशी एक रिकामी सीट दिसली आणि त्यांचा हात आपोआप चालला. रुमाल खिशात खोल होता, म्हणून पिशवीच टाकली. आम्ही वळसा घालून दाराशी पोचेपर्यंत कंडक्टरने आत नजर टाकली, प्रत्येक सीटवर काही ना काही होतं, त्याने पत्र्यावर थाप मारली आणि बस निघाली. शेवटची मोकळी जागा आम्हीच भरली होती.

"अहो, पिशवी?"

"सीटवर आहे," ते म्हणाले, अगदी समाधानाने. मग त्यांचा चेहरा उतरला.

ते बसमागे धावले, चढापर्यंत. मग धापा टाकत परत आले. माझ्या फोनला रेंज नव्हती. मला पासपोर्टची भीती वाटलीच, पण डोळ्यांसमोर सासूबाई होत्या. बोट सुटलेली, बाहेर काळोख, आणि त्या कोणाला तरी मराठीत विचारतायत, माझा मुलगा कुठं हाय. मला चक्क रडू आलं. अहोंना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते एकच म्हणाले, "आईची संध्याकाळची गोळी कोण देणार?"

पुढची बस येईपर्यंत थांब्यावरच्या प्रत्येकाला आमची गोष्ट कळली होती. नाणी भाड्यापुरती निघाली. या बसच्या कंडक्टरने पुढच्याला दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. "बाई, तुम्ही बसा. तुम्ही उभं राहून बस लवकर पोचणार नाही," तो म्हणाला. पुण्यात शोभला असता. मी बसले. अहो तासभर दांडा धरून उभेच राहिले.

ब्रिजटाउनला उतरलो तर चार वाजून गेलेले आणि स्टँडवर पिवळ्या बसच बस. नंबर दोघांनीही बघितला नव्हता. आम्ही रांगेने एकेका खिडकीत डोकावत निघालो. पहिल्या रांगेत काही नाही, दुसरीतही नाही. शेवटी एक बस निघायच्या बेतात होती. आत खच्चून माणसं, काही वाकून उभी. आणि खिडकीशी एक सीट रिकामी, तिच्यावर आमची पिशवी.

मी आत घुसले आणि पिशवीला हात घातला, तसा शेजारच्या जाडजूड आजीबाईंनी माझा हात अडवला.

"इथे कोणीतरी बसलंय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मला काय माहीत? मी आत्ता चढले. आधीच्या बाईने उतरताना सांगितलं, माणूस येणार आहे."

मी अहोंकडे बोट दाखवलं. घामाने निथळलेले अहो खिडकीबाहेर उभे होते. आजीबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "आला तो!" बोटीचं कळल्यावर ड्रायव्हर म्हणाला, बसा, बंदराच्या फाटकावरून नेतो. भरलेल्या बसमध्ये एकानेही कुरकुर केली नाही. अहो त्या सीटवर बसले, पिशवी पोटाशी धरून.

जिना काढायची तयारी चालली होती तेव्हा आम्ही बोटीत शिरलो. सासूबाई वर कठड्याशी काठी टेकून उभ्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. "च्या गार झाला," एवढंच बोलल्या, पण मुलाचं मनगट धरलं ते जेवणापर्यंत सोडलं नाही.

घरी येऊन महिना झाला. फोटोंत दगड छान आलेत. कार्डं आणि पासपोर्ट आता माझ्याकडे, ही एक सुधारणा. परवा सासूबाईंना भेटायला हडपसरच्या आमच्या नव्या घरून लोणीची बस धरली. नेहमीचीच गर्दी. मला एक सीट मिळाली, शेजारच्या सीटवर कोणाचा तरी निळा रुमाल होता. एका बाईंनी तो उचलायला हात पुढे केला.

"तिथे कोणीतरी बसलंय," मी म्हटलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मला कुठे माहीत होतं. "येईल तो," मी म्हटलं आणि दाराकडे बघत राहिले.