बापूंची राजवट आणि आमची समिती

आमच्या घाटकोपरच्या कबड्डी संघातले जुने गडी कुणाच्या लग्नात भेटले, की जेवण राहतं बाजूला आणि बापूंचे किस्से सुरू होतात. ऐंशीच्या दशकात बापू परब आमचे कॅप्टन होते. कॅप्टन कसले, राजेच!

*

बापू टीम मनात ठरवायचे आणि मैदानात सांगायचे. कुणी "का?" विचारलं, की मालवणीत उत्तर, "मी सांगतंय म्हणान!" पण आम्ही जिंकायचो. वाद नाही, मीटिंग नाही. झकास चाललं होतं.

*

चढाईत 'कबड्डी' सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला, की दम तुटला, गडी बाद. बापूंनी त्यावरही तोड काढली होती. चढाई करता करता हात पाठीमागे घेऊन ते बोटांनी आम्हाला हुकूम सोडायचे. शशीने एकदा बोटं चुकीची वाचली. उरलेला सीझन त्याने पाणी वाटलं.

*

मग बापूंनी डाव्या कोपऱ्यात स्वतःचा मेहुणा उभा केला. हा गृहस्थ पकड करण्याआधी चष्मा काढून शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. तोवर समोरचा गडी परत! स्पर्धा हातची गेली.

शशी भडकला. "वाट लागली यार! आता समितीच करायची."

पाच जणांची समिती झाली, त्यात मीही होतो. पहिला ठराव असा, की समितीला विचारल्याशिवाय बापूंनी काहीही करायचं नाही.

*

पुढच्या स्पर्धेत चढाईला कोण जाणार, यावर आम्ही मैदानातच मतदान घेतलं. दोन विरुद्ध दोन झाले. पाचवा मी, आणि मी विचार करत होतो.

पंचांनी शिट्टी मारून चढाई समोरच्यांना दिली. म्हणाले, "इलेक्शन घरी घ्या रे!"

बापू हात मागे बांधून उभे होते. बोटंसुद्धा हलली नाहीत. मला त्यांची दया आली.

*

तरी फायनल गाठली. समोर वाकोल्याचा संघ. या स्पर्धेची ढाल आमच्याकडे कधीच आली नव्हती आणि बापूंचं खेळायचं ते शेवटचं वर्ष.

गुण बरोबरीत, शेवटची चढाई आमची. समितीने बापूंना पाठवलं. एकमताने! असं आमच्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बापूंनी वाकोल्याचा गडी टिपला, वळले. मध्यरेषा हातभर राहिली. शशी जिवाच्या आकांताने ओरडला, "बापू, परत या!"

बापू जागच्या जागी थांबले. शशीकडे बघून शांतपणे म्हणाले, "ठराव झालो काय रे?"