मुलगी पाहण्याचा स्वेटर

१२ मे १९४१, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. हवामानाच्या नोंदी घेत फिरताना कनेरगाव नाक्यावर मी वाशिमच्या मोटारीची वाट पाहत होते. शेजारी, धोतरावर क्रिकेटचा लोकरी स्वेटर घातलेला एक तरुण घामाने निथळत बसला होता. तो मुलगी पाहायला निघाला होता आणि तिचे वडील त्याला न्यायला येणार होते. गळ्याची निळी पट्टी तो पुन्हापुन्हा सरळ करी.

"क्रिकेट खेळता?" मी विचारले.

"न्हाई बाई. त्यो चेंडू कसा असतो तेबी म्हाईत न्हाई."

खेळ पोहोचण्याआधी त्याचा पोशाख पोहोचतो, हे मला शास्त्रीयदृष्ट्या उद्बोधक वाटले.

इतक्यात बैलगाडी आली. मुलीच्या वडिलांनी स्वेटरच्या कोपरावरचे रफू निरखले.

"हा तर आमच्या थोरल्या जावयानं घातला व्हता!"

तरुणाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "व्हय मामा. गावात एकच हाय. त्यांचं जमलं, म्हणून तर मागून आणला."

म्हातारा पोट धरून हसला. "बसा जावईबापू! पण आता तरी काढा की त्यो."

"हळद लागंस्तोर न्हाई," म्हणत तो गाडीत चढला.

मी तापमापक पाहिला. सावलीत एकशे नऊ अंश फॅरनहाइट.