वाचून सासू झालेल्या अक्का

अक्का पुस्तक वाचत नसत, त्याला जाब विचारत. ओळीखाली बोट ठेवून एक वाक्य मोठ्यांदा वाचायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि समोरच्या पानालाच विचारायचं, "काबरं?" धुळ्यातल्या देवपूरच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथली 'शांतता राखा' ही पाटी नेमकी त्यांच्या डोक्यावर होती. एकदा मी ती बोटाने दाखवली, तर म्हणाल्या, "वाचेल शे ती मी. पुढलं दे."

मूळच्या त्या भडगावच्या. नवरा गेल्यावर धाकट्या दिराच्या, म्हणजे नानांच्या हाती शेती सोपवून मुलाच्या शिक्षणासाठी धुळ्याला आल्या. तो मुलगा, दिनेश, पुण्याला नोकरीला गेला आणि मिरियमशी लग्न करायचं म्हणून परतला. मिरियम बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्याकडच्या यहुद्यांपैकी. भाऊबंदांत कल्लोळ झाला. कोणाला वाटलं ख्रिश्चन, कोणाला वाटलं परदेशी. अक्का मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढत होते तेव्हा पायरीवर बसलेल्या दिसल्या. "यहुदी लोकेस्नं घर कसं ऱ्हास, ते सांगणारं पुस्तक दे," म्हणाल्या. "लढायास्नं नको."

आता आली पंचाईत! आमच्याकडे होती ती सगळी लढायांचीच. शोधशोध करून सणावारांवरचं एक पातळ पुस्तक सापडलं. पुढे मिरियमच्या आईने पुण्याहून आणखी मराठी पुस्तकं धाडली. चौथी शिकलेल्या अक्कांनी ती सगळी भांडत भांडत वाचून काढली. एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळे, "मनी सून मना घरमा पाव्हणी व्हईसन ऱ्हावाले नको."

लग्नानंतर दिनेशने धुळ्यालाच बदली करून घेतली. गृहप्रवेशाच्या दिवशी सुनेचं नाव बदलण्यासाठी नाना तांदळाचं ताट आणि सोन्याची अंगठी घेऊन बसले होते. कमल की सुनंदा, एवढंच ठरायचं होतं. अक्कांनी ताट उचललं आणि तांदूळ सरळ डब्यात ओतले. "नाव तिना मायबापनी ठेवेल शे. आपण फक्त हाक मारानी." स्वतः मात्र तिला 'मिरी' म्हणू लागल्या. तेवढा अधिकार त्यांनी ठेवून घेतला.

शुक्रवारी यहुदी घरात दिवा लागतो तो सूर्य बुडायच्या आधी, आणि आपल्याकडे तिन्हीसांजेला. हे वाचल्यापासून दर शुक्रवारी अक्का दुपारीच गच्चीवर जाऊन सूर्यावर पहारा ठेवत आणि तिथून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "मिरी, आवर व माय, दिन बुडी राह्यना!" मिरियम मला म्हणायची, "माझी आईसुद्धा एवढी मागे लागत नव्हती हो." शनिवारी तिला गॅसपाशी फिरकू देत नसत. "माले मारुतीना उपास, तुले आराम. दोन्ही देवस्नी सोय व्हयनी."

एकदा मात्र फजिती झाली. सासरी आल्याबद्दल मिरियमला त्यांच्याकडचा मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा प्रसाद, करायचा होता. पुस्तकात 'मलिदा' शब्द दिसला मात्र, अक्कांनी पुस्तक मिटलं. "हाई माले येस!" पीराला नेतात तसा पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून परातभर मलिदा तयार. पुण्याहून आलेल्या विहीणबाई परातीकडे बघतच राहिल्या, कारण त्यांचा मलिदा असतो पोह्यांचा, नारळ आणि फळं घालून. अक्कांनी पदर खोचला, पोहे भिजवले, मला केळी आणायला पिटाळलं. कुस्करलेला मलिदा पुढे दोन दिवस आमच्या वाचनालयात वाटला गेला.

खरी कसोटी लागली श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या वेळी. हे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणही द्यायचा नाही. म्हणजे पानात रोट पडला तरच तुम्ही घरचे. सुनेला रोट मिळालाच पाहिजे म्हणून अक्का आधी नानांशी भांडल्या आणि जिंकल्याही. मग एके दिवशी वाचनालयात त्यांचं बोट एका ओळीवर अडलं. दुसऱ्या देवापुढे ठेवलेला नैवेद्य यहुदी खात नाहीत. त्या दिवशी त्यांनी "काबरं?" विचारलं नाही. पुस्तक मिटलं आणि घरी गेल्या.

हे कळल्यावर मिरियम म्हणाली, "अक्का, मी खाईन. वाद नको." अक्का म्हणाल्या, "मना घरमा कोणी मन मारीसन जेवाव नही."

रोटांच्या दिवशी सगळे भाऊबंद जमले होते, मीही दारात उभी होते. अक्कांनी सगळ्यांचे रोट एकाच कणकेचे केले आणि देवीपुढे ताट जायच्या आधी त्यातला एक वेगळा काढून मिरियमच्या पानात ठेवला. नाना ताडकन उठले. "वहिनी, देवीना पहिले? घरवर कोप व्हई!"

"व्हयना तर मना एकलीवर व्हवो," अक्का म्हणाल्या. "पीठ एकच शे, चूल एकच शे. पोर घरनी शे."

कानबाईला त्या नानांपेक्षा जास्त भीत होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी हटल्या नाहीत. मिरियमने मान खाली घालून पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिचा हात मोकळा नव्हता, कारण डावा अक्कांनी धरून ठेवला होता. नाना जेवले, पण कोणाशी न बोलता भडगावला निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. मला अजूनही काउंटरवर बसलं की दाराकडे बघायची सवय आहे. दिवसपाण्याचं सगळं नानांनी दिनेशकडून आमच्या रीतीने करून घेतलं. मिरियम मात्र पहिल्या दिवसापासून तिच्याकडच्या सुतकाच्या रीतीने भिंतीशी जमिनीवर बसली होती. उठेना, चुलीकडे जाईना, दारी आलेल्याला नमस्कार करीना. बायका कुजबुजू लागल्या. शेवटी नानांनीच विचारलं, "तुम्हनामा सासूसाठी असं बठतस का?"

"नाही, नाना," ती म्हणाली. "सासूसाठी नाही बसत. आईसाठी बसतात."

नाना उठले. बाहेर जाऊन ओट्यावर बसले. भडगावचे भाऊबंद मोठमोठ्याने बोलत आत शिरू लागले, तेव्हा हात आडवा घालून त्यांनी सगळ्यांना दारातच थांबवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "तठे वहिनीनी पोर बठेल शे."