हॉल्टवरची आत्या

मंडळी, दुपारपासून मन खातंय, म्हणून सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

आज आत्या गावाहून बालाघाटला येणार होती. "स्टेशनवर थांब, घ्यायले येतो," असा तिच्या गावच्या पीसीओवर निरोप दिला होता.

रेल्वे कमाई आणि प्रवासी पाहून स्टेशनांना दर्जा देते. आत्याचं गाव सगळ्यात खालच्या दर्जात, हॉल्ट. नावाची पाटी आणि जमिनीलगतचा फलाट, बस. ना शेड, ना बाक. आमचं बालाघाट वरच्या दर्जाचं, म्हणून मी वेटिंग रूमजवळ पंख्याखाली बसलो. गाडी आली, गर्दी निघून गेली, आत्या दिसली नाही. बसली असेल कुठं गप्पा मारत, असं म्हणून मी आणखी एक चहा घेतला.

शेवटी वैतागून फलाटाच्या टोकापर्यंत गेलो. शेड संपते त्याच्याही पुढं, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन ती उभी होती.

"इथं काहून उभी राह्यली? तिकडं सावली होती नं," मी चिडून बोललो.

"उतरली तिथंच उभी आहो, बाबू. आमच्या इथं घ्यायले येणारा डब्यापाशीच येते. हालली असती तं तू मले कुठं शोधलं असतं?"

हौ. मी तिच्या हॉल्टवर उतरतो, तेव्हा ती डब्याच्या दाराशीच असते. दर वेळी, उन्हातच.

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "तुले लय वेळ थांबा लागलं का रे?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?